नीलनदाचे पुसलेले मुख

एका राज्यात, जिथे पाऊस वेळेवर येई पण दरबार कधीच वेळेवर भरत नसे, पृथुसेन नावाचा राजा राज्य करीत होता. दरबार उशिरा भरे त्याला कारण शत्रू नव्हता की आजार नव्हता. कारण होते राजाचा छंद. राजा जुनी नाणी जमवी, आणि तीही कुठली, तर मिसर देशाची. रोमच्या बादशहांनी तो देश जिंकल्यावर तिथेच पाडलेली. त्यांत चांदी नावाला आणि तांबे पोटभर. एका बाजूस बादशहाचे मुख, दुसऱ्या बाजूस त्या देशाचे आपले दैवत. कुठे गरुड, कुठे मुकुट घातलेला नाग, कुठे हातात बोरू घेऊन लोडाला टेकलेला दाढीवाला नीलनद, म्हणजे त्या देशाच्या नदीचा देव.

राजा एकेक नाणे राणी मृणालवतीला दाखवी. राणी जांभया देई आणि म्हणे, "महाराज, हा गरुड कालही असाच बसला होता." पण खरे सांगायचे तर तिला ती सगळी नाणी पाठ होती. नवऱ्याच्या छंदाला नावे ठेवावीत आणि तोच छंद जिवापाड सांभाळावा, ही संसाराची रीतच आहे.

दिवाळी आली. वाड्यातली तांब्याची भांडी चिंच लावून घासायला काढली. हंडे, घंगाळे, समया सोन्यासारख्या झळकू लागल्या. राजाला वाटले, माझीच नाणी तेवढी काळवंडलेली का? त्याने नीलनदाचे नाणे उचलले, चिंचेत बुडवले, राख घेतली आणि हौसेने घासले. शतकांचे पुट निघाले. पुटाबरोबर नीलनदाचे मुखही निघाले. हाती उरली एक गुळगुळीत चकती.

नाणे ज्यात धुतले त्या घंगाळातले पाणी बोलले, "ज्याने आमचे मुख पुसले, त्याला कोणाचेही मुख न दिसो."

तसेच झाले. त्या क्षणापासून राजाला दिसणारा प्रत्येक चेहरा सपाट झाला. नाक नाही, डोळे नाहीत. त्याने आचाऱ्याला सेनापती म्हणून मुजरा केला, तेव्हा लोक तोंडात पदर घालून हसले. पण न्यायाला बसल्यावर त्याला फिर्यादी कोण आणि चोर कोण तेही कळेना, तेव्हा हसू मावळले. मग एके दिवशी पानावर बसलेल्या राजाने वाढणाऱ्या राणीला विचारले, "बाई, आपण कोण?"

राणीने भात वाढला, तूप वाढले, आणि मागच्या बागेत जाऊन ती पोटभर रडली.

तिथे तळ्याकाठी एक शराटी पक्षी चिखलात वाकडी चोच खुपसून उभा होता. तो म्हणाला, "राणी, मी नीलनदाकाठचा. तिथल्या टांकसाळेत मेलेल्या बादशहांची नाणी अजून पडतात. तिथला जादूगार शाप उतरवील. तो तीन कामे सांगेल. जादूगारांना चौथे सुचत नाही."

"वाट दाखव," राणी म्हणाली.

डोंगर गेले, वाळवंट गेले, समुद्र गेला. श्रावण लागता लागता राणी मिसरच्या वेशीवर पोहोचली. वेशीवर कोल्ह्याच्या तोंडाचा द्वारपाल होता. त्याने तिचे सोने उतरवून घेतले आणि ओंजळभर मिसरी नाणी दिली.

"बाहेरचे नाणे आत चालत नाही. आतले नाणे बाहेर जात नाही, गेले तर चोरूनच. हा इथला कायदा," तो म्हणाला.

टांकसाळेचा जादूगार ऐरणीजवळ बसला होता. राणीने येण्याचे कारण सांगितले. तो म्हणाला, "नीलनदाला नवे नाणे पाडून द्यावे लागेल. भट्टी पेटवायला गरुडाचे पीस आण."

गरुड समुद्रातल्या दीपस्तंभावर बसला होता. राणीला पाहून तो खेकसला, "लोक नाणे हाती घेतात आणि बादशहाला पाहतात. मला कोण पाहतो?"

राणी म्हणाली, "माझे पती पाहतात. नाणे हाती आले की ते आधी उलटे करतात. आपल्या डाव्या पंखात सात पिसे आहेत आणि चोचीत माळ आहे, हे मला त्यांनीच सांगितले. खूप वेळा सांगितले."

गरुड लाजला. गरुड फारसे लाजत नाहीत, पण हा लाजला, आणि त्याने पीस दिले.

मग जादूगाराने तिच्या हाती विळा दिला. "धातूत टाकायला गव्हाची लोंबी हवी. शेत मुकुटवाल्या नागाचे आहे."

राणी शेताच्या बांधावर आली. हिशेब केला, तर त्या दिवशी नागपंचमी. नागपंचमीला तिच्या देशी कोणी चिरत नाही, कापत नाही, खणत नाही. तिने विळा बांधावर ठेवला, नागाला हळदकुंकू वाहिले आणि हात जोडून बसून राहिली.

ऊन चढले, ऊन उतरले. शेवटी नाग म्हणाला, "बाई, कापत का नाहीस?"

"आज तुमचा सण आहे. उद्या कापीन."

"आजवर जो आला तो विळा उगारूनच आला," नाग म्हणाला. त्याने शेपटी हलवली आणि पिकलेली लोंबी आपण होऊन तिच्या पदरात पडली.

तिसऱ्या कामाला जादूगाराने मान खाली घातली. "नाण्याच्या एका बाजूस नीलनद येईल. दुसऱ्या बाजूस मुख हवे, आणि ते जिवंत हवे. तुझे देशील? पण जे नाण्यावर उमटेल ते तुझ्यापाशी राहणार नाही."

 नवऱ्याला डोळे मिळावेत म्हणून ती इथवर आली होती, आणि त्या डोळ्यांना दाखवायचे मुखच मागितले जात होते. ती फार सुंदर होती, हे तिला ठाऊक होते. राजाला ते आवडते, हेही ठाऊक होते.

"घ्या," ती म्हणाली.

हातोडा पडला. नाण्यावर लग्नाच्या दिवशीची मृणालवती उमटली. नाकात नथ, ओठांवर दाबलेले हसू. ऐरणीशी उभ्या राणीचे केस पांढरे झाले आणि गालांवर सुरकुत्या पडल्या.

"आता हे नदात टाक, म्हणजे शाप उतरेल," जादूगार म्हणाला.

नीलनद दोन्ही काठ भरून वाहत होता. राणी नाणे मुठीत धरून उभी राहिली. तिच्या मनात आले, हे पदराआड लपवून न्यावे. निदान एकदा त्यांना दाखवावे, की मी अशी होते. पण शाप न उतरला तर पाहणार कोण? मूठ उघडवेना. डोळे भरून आले, आणि तिने नाणे पाण्यात सोडले.

पाण्यातून दाढीवाले मुख वर आले, तिच्याकडे पाहून हसले आणि पुन्हा पाण्यात गेले.

राणी परतली तेव्हा नगरात गुढ्या उभ्या होत्या. राजाला चेहरे दिसू लागले होते. त्याने न्यायाची तुंबलेली कामे निकाली काढली होती. आचाऱ्याला चुकून केलेला मुजरा मात्र त्याने परत घेतला नाही. म्हणाला, जेवण पाहता तो योग्यच होता. साऱ्यांची मुखे पाहून झाली होती. एकच राहिले होते, आणि त्यासाठी राजा रोज महाद्वाराशी येऊन बसे.

राणी पदर कपाळाखाली ओढून दारात आली. पाय पुढे टाकवेना. राजा उठला, जवळ आला आणि त्याने पदर हळूच मागे सारला. तिने डोळे मिटून घेतले. राजाने तिला उजेडाकडे वळवले आणि जुने नाणे न्याहाळावे तसा तो तिची एकेक सुरकुती न्याहाळू लागला.

"ओळखलेत, महाराज?" राणीने विचारले.

"ओळखायला क्षणही लागला नाही," राजा म्हणाला. "पाहायला मात्र उरलेला जन्म लागेल. डोळे उघडा, राणी. उद्या दरबार उशिरा भरेल."

त्यांचे मळभ जसे सरले, तसे ऐकणाऱ्यांचेही सरो.