हंसकाठी लुगडं

पूर्वी शूर्पारक बंदरात एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व बोहाऱ्याच्या कुळात जन्माला आला. दारोदार भांडी द्यावीत, बदल्यात जुने कपडे घ्यावेत, ते धुऊन-सांधून बाजारात विकावेत, असा त्याचा धंदा. कोणतं वस्त्र कोणाच्या घरून आलं हे कधी सांगायचं नाही, ही त्या कुळाची रीत.

त्याच गावी सोणक नावाचा नावाडी राहत होता. त्याच्या लेकीचं, उत्पलेचं लग्न ठरलं. नवं वस्त्र घ्यायची ऐपत कुठली? तो बोहाऱ्याकडे आला आणि काठावर हंसांची रांग असलेलं जांभळं लुगडं पाहून हरखला. बोधिसत्त्व घडी घालू लागला. तेवढ्यात सोणक कौतुकाने सांगू लागला, की भद्रक तेलविक्याच्या घरी लेक देतोय, विहीण मोठी तोंडाळ, तिने नाव ठेवायला जागा राहता कामा नये. बोधिसत्त्वाचा हात थांबला.

"हे तुझ्या लेकीसाठी नाही," तो म्हणाला.

सोणकाला काही उमगेना. श्रीमंत गिऱ्हाइकासाठी राखलं म्हणावं, तर त्याने जास्त मोल देऊ केलं तरी बोहारी ऐकेना. गरिबाची थट्टा म्हणावी, तर त्याने दुसरं साधं हिरवं लुगडं काढून निम्म्या मोलात दिलं. अरे, हा माणूस गिऱ्हाइकाला नाही म्हणतो आणि वर आपल्याच पदराला खार लावून घेतो! याचं डोकं ठिकाणावर आहे का? सोणक फार दुखावला. घरी येऊन त्याने बोहाऱ्याला पोटभर शिव्या दिल्या.

लग्नात पंगत बसली. विहीणबाई नवी तांब्याची घागर मिरवीत फिरत होत्या.

"हंसकाठी जांभळं लुगडं दिलं, तेव्हा कुठे बोहाऱ्याने ही दिली," त्या म्हणाल्या.

सोणकाच्या तोंडातला घास तिथेच राहिला. समोर उत्पला हिरव्या लुगड्यात हसत होती. सासूचं टाकलेलं नेसून आली, हे तिला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो बोहाऱ्याच्या दुकानी गेला आणि त्याचे पाय धरले. बोधिसत्त्वाने त्याला उठवलं.

"लेक सुखात आहे ना?" एवढंच त्याने विचारलं.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, दुसऱ्या एका भिक्खूबद्दल विचारलेल्या प्रश्नाला मी उत्तर का देत नाही म्हणून सकाळपासून गोंधळलेला हा भिक्खू तेव्हा सोणक होता. बोहारी तो मीच. दुसऱ्याची लाज राखण्यासाठी जो बोल सोसतो आणि तोंड उघडत नाही, त्याचं मौन हीसुद्धा करुणाच."