परक्या रानातली पेटी

“...आणि बुवांनीच सांगितलं म्हणे, ते यंत्र घरातून काढ आणि देऊन टाक एकदाचं कंपनीला, नाहीतर सोमवारी त्या डॉक्टरीणबाई...”

पुढचं अंबादासला ऐकू आलं नाही. टेकडीच्या पायथ्याशी नळावर कळशी भरणाऱ्या सुभद्राकाकूंनी त्याला पाहिलं आणि वाक्य तिथंच गिळलं.

“काय रे अंबू, बुवांकडं निघालास?”

“हो काकू. तुम्ही सांगताय ते बुवांनी मला अजून सांगितलं नाही. तेवढं विचारून येतो.”

“जा बाप्पा, जा. मी येतेच मागून त्यांची भाकर घेऊन.”

काकू ओशाळल्या होत्या, पण फार वेळ नाही.

अंबादास पाचपोरच्या शेजारी राहायचं म्हणजे काकूंना काही गोष्टी आपोआप कळतात. भिंतच एक आहे. अंबादासच्या घरी एसी आहे, पण त्या खोलीत माणूस झोपत नाही, सर्व्हर असतो. म्हातारी आई बाहेर पंख्याखाली. बरं, यंत्र साधंसुधं नाही. धर्मादाय दवाखान्याची बावीस उपकेंद्रं आहेत. तिथले सगळे एक्स-रे, सोनोग्राफीची सगळी चित्रं त्या एका लोखंडी पेटीत येऊन साठतात. कुठल्याही गावातल्या डॉक्टरला जुनं चित्र हवं असलं, की याच पेटीतून जातं. अंबादासनं ती स्वतःच्या हातानं जोडली. सहा वर्षांत दुसऱ्याचा हात लागू दिला नाही.

गेल्या महिन्यात गावाचं विजेचं रोहित्र जळालं. इन्व्हर्टरनं तासाभरात मान टाकली. पुढचे आठ तास पेटी बंद.

त्याच आठ तासांत एका उपकेंद्रावर अडलेली बाई आली. तिची आधीची सोनोग्राफी डॉक्टरांना दिसेना. जीपमध्ये घालून साठ किलोमीटर नेली तिला. बाई वाचली, लेकरूही वाचलं. पण दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टर लोखंडेबाईंनी अंबादासला बोलावून सांगितलं, सोमवारपर्यंत पक्की सोय कर. नाहीतर काम तुझ्याकडून काढून घेते.

आज शुक्रवार होता.

दौलतगिर बुवा झोपडीच्या दारात एका मधपेटीपुढं उकिडवे बसले होते आणि वाटीत साखरेचं पाणी ओतत होते. गोसावी होण्याआधी त्यांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली होती. अंबादास तेव्हा शाळेत होता. तार कशी सोलायची ते त्याला त्यांनीच शिकवलं होतं.

अंबादासनं बसायच्या आधीच विचारलं,

“आपली वस्तू परक्याच्या घरात ठेवली, तर ती आपली राहते का बुवा?”

“आधी टेक तरी.”

तो टेकला. माघातलं ऊन पातळ, दुधाळ होतं. खाली कांद्याचा डोंगळा फुलला होता. पांढरे गोल गेंद वाऱ्यावर असे डुलत होते, की रान पाण्याखाली आहे असं वाटावं.

“कोणती वस्तू?” बुवांनी विचारलं.

“सर्व्हर. शहरात एक डेटा सेंटर आहे, चार तासांवर. तिथं कोलोकेशन म्हणून सोय असते. म्हणजे यंत्र आपलंच न्यायचं. त्यांच्याकडं मोठमोठ्या लोखंडी मांडण्या असतात, त्यातला कप्पा भाड्यानं घ्यायचा. वीज त्यांची, गारवा त्यांचा, जनरेटर, पहारा, इंटरनेटच्या दोन-दोन वाटा, सगळं त्यांचं. कुलूप आपलं. यंत्र बिघडलं तर दुरुस्तीही आपलीच.”

“आणि दुसरं?”

“दुसरं म्हणजे यंत्रच ठेवायचं नाही. कंपनीच्या यंत्रावर जागा भाड्यानं घ्यायची. आपलं काहीच नाही, दर महिन्याला भाडं भरत राहायचं.”

“आणि तिसरं?”

“तिसरं आज आहे तेच. घरात, माझ्या डोळ्यांसमोर. एक मोठा जनरेटर बसवला की झालं. मला तेच बरोबर वाटतं, बुवा. तुमच्या तोंडून एकदा ऐकलं की लोखंडेबाईंना ठणकावून सांगेन.”

बुवा हसले.

“एक्स्चेंजातल्या बॅटरीच्या खोलीत मीही कुणाला पाऊल टाकू देत नसे.”

“मग?”

“मग बदली झाली.”

अंबादासला हे आवडलं नाही. मधपेटीतून बारीक घूं घूं येत होती.

“त्या दिवशी वीज गेली, तेव्हा तू कुठं होतास?”

“घरीच. पेटीपाशीच होतो. दोन पावलंसुद्धा लांब नव्हतो.”

“काय केलंस?”

“...बसलो होतो.”

“कसा?”

“पेटीवर हात ठेवून.”

“दाखव.”

अंबादासनं मधपेटीच्या झाकणावर हात ठेवला. लाकूड कोमट होतं, आणि आत काहीतरी श्वास घेत होतं.

“बस तसाच,” बुवा म्हणाले, आणि काठी घेऊन टेकडीमागं निघून गेले.

...

किती वेळ गेला कुणास ठाऊक. आधी अंबादासला वाटलं, बुवा पाणी आणायला गेले असतील. मग वाटलं, थट्टा करतायत. मग काहीच वाटेनासं झालं. तळहाताखालची घूं घूं कोपरापर्यंत चढली, खांद्यात उतरली. तोच आवाज. सहा वर्षं तो भिंतीपलीकडून येणाऱ्या याच आवाजावर झोपला होता. डोळे मिटले तर आपण घरीच आहोत, एसीचा गार झोत मानेवर येतोय असं त्याला वाटलं, आणि उघडले तर खालचं पांढरं रान हळूच वर येतंय असं. माश्या पेटीच्या फटीतून निघत, त्याच्या कानाजवळून जात आणि उन्हात विरघळून जात. येताना पायांना पिवळी पूड लावून येत. त्याच्याकडं एकीनंही पाहिलं नाही.

बुवा आले तेव्हा सावली पेटीच्या पलीकडं गेली होती.

“तू हात ठेवलास म्हणून एखादी माशी जास्त फुलं फिरली का रे?”

अंबादासनं हात काढला. हाताला मुंग्या आल्या होत्या.

“...नाही.”

“हं.”

बुवांनी काठीनं खालचं रान दाखवलं. पांढऱ्या गेंदांमधून कुठं कुठं निळ्या चौकोनी पेट्या दिसत होत्या.

“चाळीस आहेत. रान जगदेवरावांचं. फुलोरा त्यांचा, पाणी त्यांचं, राखणही त्यांची.”

“आणि पेट्या?”

“माझ्या.”

“त्यांनी उघडल्या तर?”

“एकदा उघडली होती. आठ दिवस त्यांचा डोळा उघडला नाही.”

अंबादासला हसू आलं.

“साफसफाई कोण करतं?”

“त्या का जगदेवरावांच्या आहेत? मीच करतो. दर आठ दिवसांनी उतरतो.”

“मग ही एकच इथं का ठेवलीत?”

“ही अशक्त आहे. तिला रोज साखरेचं पाणी लागतं. आणि एका पेटीसाठी कोण रान धरतं?”

वारा पडला. डोंगळा जागच्या जागी थांबला.

“परवा जानोरकर मास्तर आले होते,” बुवा आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले. “त्यांनाही पेट्या पाळायच्या होत्या. मध लागतो वर्षाला दोन बाटल्या. पाठ धरलेली, त्यांना वाकवत नाही.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“बाटली दिली.”

अंबादास खाली बघत बोलू लागला, आधी हळू, मग भराभर.

“माझं काम रोजचं आहे, बुवा. बारा महिने तेवढंच, कमी नाही. यंत्र घेऊन झालंय, चांगलं आहे. उघडून दुरुस्त करणं मला जमतं. भाड्याच्या जागेवर गेलो तर चित्रं वाढतील तसं भाडं वाढत जाणार. आणि लोकांच्या पोटातली चित्रं ती, कुणाच्या यंत्रावर आहेत हे मला ठाऊक पाहिजे...”

बुवांनी वाटीत आणखी थोडं साखरेचं पाणी ओतलं.

“दोन-चारच उपकेंद्रं असती, तर भाड्याचंच घेतलं असतं. किंवा मला पेचकस धरता येत नसता, तरी. जनरेटर आणून घरात बसवीनही, पण इंटरनेटची दुसरी वाट गल्लीत कुठून आणू? आणि ते शहर चार तासांवर आहे, यंत्र बिघडलं तर जाऊन दुरुस्त करता येईल. चौदा असते, तर गोष्ट वेगळी...”

“मी काही म्हटलं का?”

“नाही.”

“मग माझ्याकडं का बघतोस?”

इतक्यात फडक्यात बांधलेली भाकर घेऊन सुभद्राकाकू धापा टाकत वर आल्या. पदरानं तोंड पुसलं, बुवांना नमस्कार केला, आणि नमस्कार पुरता व्हायच्या आधीच मान अंबादासकडं वळवली.

“काय ठरलं रे? देणार ना कंपनीला?”

“घरातून काढणार काकू. रविवारी गाडी करून शहरात नेतो. सोमवारी सकाळी लोखंडेबाईंना तिथूनच फोन.”

“बघा! मी म्हटलं नव्हतं?”

“पण देणार कुणालाच नाही. पेटी माझीच, कुलूप माझंच. आणि बुवांनी यातलं काहीच सांगितलेलं नाही.”

काकूंनी क्षणभर हिशेब केल्यासारखं केलं.

“म्हणजे निम्मं तर खरं निघालं,” त्या समाधानानं म्हणाल्या, आणि फडकं सोडू लागल्या.

अंबादासनं बुवांच्या पायांना हात लावला. चार पावलं उतरला. थांबला. खालचं रान आता फिकट निळं दिसत होतं, आणि पेट्या त्यात ओळखू येत नव्हत्या.

“बुवा, तिथं ते भलत्या वेळी बंद पडलं तर?”

“जायचं.”

“पावसापाण्यात? आई आजारी असताना?”

“जायचं, नाहीतर कुणाला तरी पाठवायचं.”

“आणि एखाद्या वेळी... नाहीच गेलो, नाहीच पाठवलं कुणाला, तर?”

बुवांनी भाकरीचा तुकडा मोडला.

“तर ते तुझं नव्हतंच.”