उलटी पोथी

एका राज्यात, एका साध्या सोमवारी, गोजराबाई पाठशाळेतल्या मुलांच्या धूळपाट्यांवर वाळू पसरत होत्या, तेव्हा दवंडी आली. आजपासून पाठशाळेत गोष्टी बंद. राजाच्या हुकमाने मांत्रिक धूम्रकेशाने राज्यातल्या साऱ्या गोष्टी पितळी घागरीत कोंडल्या आहेत. जो गोष्ट सांगेल त्याची जीभ टाळूला चिकटेल.

कारण एवढंच, की प्रधानाने तपासणीत पोरांच्या हाती पोथी उलटी दिली आणि तरी पोरं गोष्ट घडाघडा म्हणत सुटली. "ही वाचत नाहीत, फसवतात!"

गोजराबाईंच्या अंगाची आग झाली. गोष्ट तोंडपाठ असते म्हणूनच मूल शब्दाखाली बोट ठेवतं, आणि एके दिवशी बोट नि जीभ एकाच शब्दावर भेटतात. हे कोणी विचारलंसुद्धा नाही! पाठशाळेतल्या सात वर्षांच्या येसूला घेऊन त्या राजवाड्यावर गेल्या. देवडीवर त्यांना तीन महिने तिष्ठत ठेवलं.

"महाराज, आता सुलट पोथीची परीक्षा घ्या," शेवटी राजासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या.

धूम्रकेश हसला. "पोरीने तीन ओळी वाचल्या तर घागर फुटेल. चुकली, तर गोष्टी कायमच्या गेल्या."

पहिली ओळ दगडावर उमटली. अक्षरं मुंग्यांसारखी चालू लागली. येसूने त्यांच्यामागून बोट चालवलं आणि वाचली. दुसरी नागाच्या फण्यावर. नाग डोलला तशी येसू डोलली, आणि वाचली.

"धूम्रकेशा, घाम पूस," राजाच्या खांद्यावरची मैना म्हणाली.

तिसरी ओळ धुराने हवेत लिहिली गेली. ती येसूच्या रोजच्या गोष्टीतली होती, सात शिंगांच्या शेळीची.

"आता म्हणेल पोपटासारखी," प्रधान पुटपुटला.

"पोपटांना मधे आणू नका," मैना म्हणाली.

गोजराबाईंनी डोळे मिटले.

"मग डोंगरावरून उतरली सात शिंगांची..." येसूचं बोट थांबलं. "बाई, इथे शेळी नाहीच. म्हैस लिहिलीय! ह्यांना गोष्ट येत नाही का?"

घागर तडकली. गोष्टी पाखरांसारख्या उडाल्या आणि घरोघरी परतल्या. धूम्रकेशाची राख झाली.

"मला वाटलंच होतं," प्रधान म्हणाला.

"वाटलं होतं, तर विचारायचं होतंत," गोजराबाई म्हणाल्या.

राजाने गोष्टींचा तास पुन्हा लावला. शालजोडी पुढे केली, ती बाईंनी घेतली नाही. त्या तीन महिन्यांत नुसती अक्षरं घोकून कंटाळलेली अकरा मुलं पाठशाळा सोडून गुरांमागे गेली होती. त्यांना परत बोलवायला राजाने माणूस पाठवला नाही.