ठकू सुईण आणि देवीचं सीताफळ

फार मागची गोष्ट आहे. कातळवाडीत सीताफळं पिकायला लागली की तान्ह्यांच्या आयांना धडकी भरायची. उष्टावणाला बाळाच्या तोंडात पहिला घास देवीच्या झाडाच्या सीताफळाचा घालायचा, अशी गावची रीत होती. पाकळी अख्खीच द्यायची. देवीचं फळ कुस्करलं तर कोप होतो, असा समज होता. मग एखादं लेकरू घास घेताच निळं पडायचं आणि मान टाकायचं. झाडावरची जखीण नेते, असं म्हणायचे. ही जखीण नेमकी घासाच्याच वेळी कशी येते, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

तुळसाची दोन लेकरं अशीच गेली. तिसऱ्याचं उष्टावण आलं तेव्हा भीतीनं तिचं अन्न तुटलं. तिची बाळंतपणं केलेली ठकू सुईण त्या दिवशी उंबऱ्याबाहेर बसली होती. सुईणीचा हात विटाळाचा, तिनं देवीच्या फळाला शिवायचं नाही.

मामानं पाकळी भरवली. बाळ रडलं नाही, खोकलं नाही. नुसते डोळे मोठे झाले आणि ओठ काळेनिळे पडले. लोक मागं सरले.

"कुनी हात लावू नगा, जखीण आलीया," पुजारी म्हणाला.

ठकू उठली. तिनं बाळ हिसकावलं, हातावर पालथं घातलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर तळहातानं दणके दिले. चौथ्या दणक्याला काळीभोर बी भुईवर पडली. बाळानं टाहो फोडला.

"ही बगा तुमची जखीण," ठकू म्हणाली.

असं म्हणतात, त्याच क्षणी देवीच्या झाडावरची सगळी सीताफळं आपोआप उकलली आणि खाली बियांचा सडा पडला. तुळसा मात्र ती बी हातात घेऊन बघत राहिली.

"म्हंजी माजी दोगं..." ती म्हणाली.

ठकूनं रडतं बाळ तिच्या कुशीत दिलं.

कातळवाडीत अजूनही उष्टावणाला सीताफळच असतं. आई एकेक बी काढते. मग दुसरी बाई तोच गर बोटांत कुस्करून पुन्हा चाचपते. तिला त्या दिवसापुरतं ठकू म्हणतात. बाळाला मांडीवर ताठ बसवून बोटाच्या टोकाएवढा गर देतात. तो गिळला जाईपर्यंत घरात कोणी बोलत नाही. आणि बाळाच्या आधी दोन घास पानावर वेगळे काढतात, तुळसाच्या त्या दोन लेकरांसाठी. तेही बिया काढूनच.