कुर्लीचा पहारा

फार पूर्वी समुद्रकाठच्या एका गावात शिमग्याचे ढोल वाजू लागले होते. अशाच एका पहाटे एक कासवीण किनाऱ्यावर आली, तिने वाळूत खड्डा केला, तो नीट बुजवला आणि कुणाशी न बोलता समुद्रात परतली.

वाळूत राहणाऱ्या कुर्लीने हे पाहिले. ती शेजारच्या टिटवीला म्हणाली, "परकी बाई काहीतरी पुरून गेली. चोरीचा माल असणार."

"उकरून बघ की," टिटवी म्हणाली.

"नको. माल न्यायला येईल, तेव्हाच पकडीन."

कुर्ली तिथेच ठाण मांडून बसली. कोल्हा खड्डा हुंगायला आला, तेव्हा हा कासविणीचाच साथीदार, अशी तिची खात्री झाली. तिने त्याच्या नाकाला कडकडून चिमटा घेतला आणि तो झाडीत पळाला. टिटवीलाही ती जवळ येऊ देईना.

चैत्र सरता सरता एका सकाळी वाळू हलली आणि इवली इवली पिल्ले बाहेर पडली. शेवटचे पिल्लू कुर्लीपाशी थांबले.

"मावशी, तुम्ही इथं कशाला बसला होता?"

कुर्लीने टिटवीकडे पाहिले.

"राखण करत होते," कुर्ली म्हणाली, आणि पिल्लू लाटेत शिरेपर्यंत झाडीकडे तोंड करून, नांग्या उगारून उभी राहिली.