भिजत घालायला बंदी

एका राज्यात कपडे भिजत घालायला बंदी होती. राजा दुर्जयसेनाला कोणतेही काम रेंगाळलेले खपत नसे. एकदा प्रधान चुकून बोलून गेला, "महाराज, सीमेचा तंटा अजून भिजत घोंगडे आहे." झाले, राजाचे डोके फिरले. दवंडी पिटली गेली, की या राज्यात घोंगडेच काय, लंगोटीसुद्धा भिजत ठेवायची नाही! तेव्हापासून तिथले लोक कपडा पाण्यात बुडवीत, दगडावर आपटीत आणि लगेच वाळत टाकीत. मळ निघो न निघो, राजाज्ञा ती.

एके सकाळी राजा सरोवरावर शिकारीस गेला. समोर पांढरी बगळी दिसताच त्याने बाण सोडला. बगळी पायाशी कोसळली आणि रक्ताचे शिंतोडे त्याच्या रेशमी शेल्यावर उडाले. ती बगळी कंकाली नावाच्या चेटकिणीची लेक होती. कंकाली पाण्यातून वर आली.

"राजा, हा डाग शेल्यावर आहे तोवर तुझी लेक विरत जाईल," ती म्हणाली. "धू, धुता आला तर."

त्याच वेळी राजवाड्यात राजकन्या अनुलेखा आरशापुढे वेणी घालत होती. आरशात तिला आपल्या अंगातून आरपार मागची भिंत दिसू लागली.

राजा धावत आला. त्याने तांब्याच्या हंड्यात पाणी उकळवले आणि शेला आत लोटला. रक्ताला कढत पाणी लागले. डाग तपकिरी होऊन धाग्यात पक्का बसला. अनुलेखेची पावले नाहीशी झाली.

मग राजाने सज्जीखार मागवला. जाड्याभरड्या सतरंज्यांना तो जहाल खार ठीक, रेशमाला कसा सोसावा? शेल्याची झळाळी गेली, डाग हलला नाही. अनुलेखेचे हात गेले.

तिसऱ्या वेळी राजाने पोतेभर रिठे ओतवले. "आणखी घाला! आणखी!" फेस दरबारात शिरला, सिंहासनावर चढला. एवढा फेस पाहून वेडा राजा हरखला. पण तो फेस शेल्यातून निघेचना. शेला वाळून पापडासारखा कडक झाला, आणि डाग होता तिथेच. अनुलेखेचा आता नुसता आवाज उरला.

"तात," ती म्हणाली, "आता धुऊ नका. मला भीती वाटते."

राजा मटकन खाली बसला. त्याला सगळे संपल्यासारखे वाटले. खिडकीत एक साळुंकी बसली होती. त्या राज्यातले पक्षी बोलत, पण विचारल्यावाचून नाही. आणि राजाने आजवर कुणाला काही विचारले नव्हते.

"साळुंके, माझे काय चुकते?"

"घाई, महाराज. रेशमाला रिठाच हवा, पण मूठभर. पाणी गार घ्या. शेला भिजत घाला, घासू नका. डाग सैल झाला की फेस जाईस्तोवर स्वच्छ पाण्यात खळबळा."

"भिजत? किती वेळ?"

"सुटेपर्यंत."

राजाने स्वतःची आज्ञा मोडली. घंगाळात शेला बुडवून तो शेजारी बसला. करण्यासारखे काही नव्हते. रिकाम्या मनात ती बगळी पुन्हा पुन्हा कोसळू लागली. तिचा उघडा डोळा त्याला आता दिसला. तेव्हा त्याने धड पाहिलेही नव्हते. पाण्यात तांबूस धागा सुटला आणि राजा ढसाढसा रडला.

त्याने शेला खळबळला, पाणी बदलले, पुन्हा खळबळला. पाणी नितळ झाले तशी अनुलेखेची पावले उमटली, हात आले, हसू आले. तिने बापाच्या गळ्यात मिठी मारली. बंदी उठली. घरोघरी गोधड्या भिजत पडल्या आणि लोक उजळ कपड्यांनी हिंडू लागले.

राजा मात्र ओला शेला घेऊन सरोवरावर गेला. कंकालीने तो उजेडात धरून पदरापासून पदरापर्यंत पाहिला.

"निघाला," ती म्हणाली. "शाप सरला. तुझी लेक तुला मिळाली."

तिने शेल्याची घडी घालून त्याच्या हातात दिली.

"आणि माझी?"