नऊ टक्के आणि मूठभर पीठ

"...मग मला एवढंच सांगा बुवा, स्वतःचं भलं कळत नाही का?"

सोमगीर बुवा ज्वारीचं पीठ चाळत बसले होते. त्यांनी चाळण थांबवली नाही.

"कुणाला कळत नाही?"

"या गावाला."

"हां... मग आजार मोठा आहे."

विचारणारे रमाकांत उपळेकर म्हणजे कडेपेठेतल्या पतसंस्थेचे शाखाधिकारी. वय चौतीस. एम.कॉम.ला विद्यापीठात दुसरे आलेले, आणि पहिला कोण आला होता हे अजून न विसरलेले. मठाच्या ओसरीवर ते रुमाल अंथरून त्यावर बसले होते. मी तेव्हा रोज मठात पोथी वाचायला जायचो, म्हणून हे सगळं माझ्या कानांवर आलं. जे आलं नाही ते पुढं खुद्द उपळेकरांनीच मला हसत हसत सांगितलं. स्वतःची फजिती हसत सांगणारा माणूस मला आवडतो, पण त्या दिवशी ते अजून तसे झाले नव्हते.

त्यांचं दुखणं असं होतं. कडेपेठेत बावीस वर्षं महिपती ढोणे नावाचा माणूस दुकानोदुकानी, दारोदारी फिरून रोजची बचत गोळा करायचा. कुणाचे दहा, कुणाचे वीस. भाजीवाली, न्हावी, चप्पल शिवणारा, सगळे द्यायचे. उपळेकर आले आणि त्यांनी आठ दिवसांत शोध लावला, की महिपतीला द्यावं लागणारं कमिशन हे वायफळ आहे. शाखा भर बाजारात. कुठल्याही दुकानातून चालत चार मिनिटं. मग मध्ये माणूस कशाला?

त्यांनी महिपतीला नारळ दिला. वाचलेले पैसे स्वतः खाल्ले नाहीत, हे मात्र सांगितलं पाहिजे. ते सगळे लोकांच्या व्याजात घातले. सात टक्क्यांचे नऊ झाले. शाखेत पंखा लावला, गार पाण्याचा माठ ठेवला, बसायला बाक आणला. रोज दहा रुपये टाकले तर दहा वर्षांनी किती होतात, याचं कोष्टक छापून घरोघर वाटलं.

तीन महिन्यांत बचत निम्म्याच्याही खाली आली.

आता वरून पत्र आलं होतं. महिनाअखेरपर्यंत आकडा पूर्वीसारखा झाला नाही, तर कडेपेठची शाखा बंद. गावाची पतसंस्था जाणार, आणि ती घालवणारा म्हणून उपळेकरांचं नाव राहणार. माणूस मनातून पार खचला होता, पण बोलण्यात ताठा तसाच.

"आधी सात द्यायचो तर लोक रांगेनं पैसे देत होते," ते म्हणाले. "आता नऊ देतो तर कुणी फिरकत नाही. लोकांना गणित येत नाही, बुवा. तुमचं लोक ऐकतात. गुरुवारी चार शब्द सांगा त्यांना."

बुवांनी चाळणीतला कोंडा बाजूला टाकला.

"सांगेन. पण माझं एक काम अडलंय. गुडघा धरलाय. पाच दिवस माझी फेरी कराल का?"

फेरी म्हणजे काय, ते सांगतो. दर गुरुवारी कडेपेठेचा बाजार. त्या दिवशी खेड्यापाड्यांतून आलेल्या कुणालाही मठात भाकरी-आमटी मिळते. त्यासाठी खालच्या आळीतली एकेचाळीस घरं रोज सकाळी पीठ मळायच्या आधी मूठभर पीठ वाटीत काढून ठेवतात. बुवा झोळी घेऊन जातात आणि ते आणतात. आमच्या आजोबांच्या काळापासून हे असंच चाललंय.

उपळेकरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. शाखाधिकाऱ्यानं पीठ मागायचं? पण गरजवंताला अक्कल नसते. शिवाय त्यांना वाटलं, हे काहीतरी व्रत असणार, पाच दिवसांत फळ मिळेल. ते कबूल झाले.

पहिल्या दिवशी त्यांनी पहिल्याच दारात मठाच्या अन्नदानाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. बाई वाटी घेऊन उभीच होती. तिनं झोळीत पीठ टाकलं आणि वाक्य संपायच्या आत ती चुलीकडे गेली. दुसऱ्या दारात त्यांनी भाषण निम्मं केलं. दहाव्या दारापासून ते गप्पच झाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मठात आले ते खुशीत.

एकेचाळीस मुठींसाठी माणसाचे दोन तास जातात, ते बुवांना म्हणाले. त्यापेक्षा चौकात पत्र्याचा एक मोठा डबा ठेवावा. चाळीस पावलांवर तर चौक. ज्यानं त्यानं आपली मूठ आणून टाकावी. गुडघाही दुखणार नाही.

मी बुवांकडे पाहिलं. बुवा अगदी गंभीर होते.

"फार चांगलं," ते म्हणाले. "ठेवा."

"उद्याच ठेवतो."

"ठेवा, ठेवा... झाकणाचा ठेवा."

तिसऱ्या दिवशी चौकात डबा आला. त्यावर उपळेकरांच्या सुवाच्य अक्षरात पाटी होती. आळीत फिरून त्यांनी तशी दवंडीही देववली. संध्याकाळी डबा उघडला तर आत तीन मुठी पीठ आणि गोळीचा एक कागद.

"आळशी लोक," असं म्हणत चौथ्या दिवशी त्यांनी पुन्हा झोळी खांद्याला लावली.

पहिल्याच दारात बाईनं दोन वाट्या आणल्या. दुसऱ्या दारातही दोन. उपळेकरांना वाटलं, लाजेनं आज जास्त देतायत. सातवं घर कोंडाबाईचं. ही बाई लाल चटणी करून विकते. ती दोन वाट्या घेऊन उंबऱ्यातच उभी होती, आणि चांगलीच तापली होती.

"काल कुठं हुतासा?"

"काल डबा ठेवला होता ना चौकात..."

"धा वाजंपतुर दारात हुबी ऱ्हायले. तव्यावरची भाकरी करपली."

"पण डबा दिसला नाही का तुम्हाला?"

"दिसला की. निघालेबी हुते वाटी घिऊन. तवर नळाला पाणी आलं. मग ऱ्हायलं."

उपळेकर शेवटी गणितावर आले. एक मूठ ती काय! राहिलं होतं, तर भाकरीत का नाही घातलं, असं त्यांनी विचारलं.

काही अभद्र कानांवर पडावं, तसं कोंडाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं.

"बाजूला काढल्यालं?"

एवढंच म्हणून तिनं दोन्ही वाट्या झोळीत उपड्या केल्या.

उपळेकर मला म्हणाले, की त्यांना पुढच्या घरी जायचं होतं, पण त्यांनी झोळी खाली ठेवली. ते तिथंच उभे राहिले. मग बाईचाही राग उतरला, आणि राग उतरलेली बाई बोलायला लागते.

मिरची कांडायचं स्वतःचं यंत्र घ्यायचं म्हणून ती रोजचे वीस रुपये टाकत होती. सकाळी चहाच्या आधी ते वीस रुपये देव्हाऱ्यात काढून ठेवायचे. महिपतअण्णा यायचे तेव्हा पैसे द्या, असं कधी म्हणायचेच नाहीत. कांडप कुठवर आलं, असं विचारायचे. कधी म्हणायचे, आता चाकं आली बाई, कधी म्हणायचे, आता मोटर आली. मधे दोन दिवस ती तापानं पडली, तर त्यांनी पैशांचं नावही काढलं नाही, औषधाचं विचारून गेले. तिनं तिसऱ्या दिवशी तीन दिवसांचे एकदम दिले.

आता चार महिने झाले, कुणी येत नाही. पतसंस्थेत जायचं ती रोज ठरवते. सकाळी काढलेली वीसची नोट दुपारी मिठाला जाते, नाहीतर पाव्हणा येतो. यंत्र निम्म्यावर अडलंय.

"कुणी शहाण्या सायबानं बंद केलं म्हनं त्ये," कोंडाबाई म्हणाली. "तुमच्या वळखीचा हाय का?"

खांद्याला झोळी, कपाळाला घाम, बाहीला पीठ. या अवतारात तिनं त्यांना कसं ओळखावं?

"तोंडओळख आहे," उपळेकर म्हणाले.

त्या दिवशी फेरीला दोन तासांऐवजी चार लागले. उरलेल्या चौतीस घरांपैकी एकतीस घरांतही दोन-दोन वाट्या होत्या.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ते मठात आले. रुमाल न अंथरता तसेच ओसरीवर बसले. बुवा पीठ चाळत होते. 

"डबा?" बुवांनी विचारलं.

"घरी नेला. बायको त्यात डाळ भरणार आहे."

बुवा हसले. उपळेकरही हसले, आणि मला तो माणूस तेव्हापासून आवडायला लागला.

मग त्यांनी सांगितलं, की सकाळीच ते महिपती ढोण्यांच्या घरी गेले होते.  महिपतीनं चहा दिला, राग धरला नाही. उद्यापासून येतो म्हणाला. फक्त एक अट घातली, पहिले आठ दिवस साहेबांनी बरोबर फिरायचं. उपळेकर कबूल झाले. कमिशन पूर्वीसारखं, व्याज पूर्वीसारखं सात.

"तुम्ही गुरुवारी चार शब्द सांगायचं राहू द्या, बुवा," ते म्हणाले.

"बरं झालं. मला तरी कुठं गणित येतं?"

 उपळेकर हाताला लागलेलं पीठ चोळत राहिले. महिना संपायला एकोणीस दिवस होते, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होते.

"एक विचारू, बुवा?"

"विचारा."

"उद्या मी दारोदार जाणार. चार महिन्यांनी जाणार. लोक तोंडाकडे बघतील. बचतीचं महत्त्व सांगू? का कोष्टक समजावून देऊ? का शाखा बंद पडतेय हे सांगू? काय सांगितलं म्हणजे लोक पुन्हा पैसे टाकायला लागतील?"

बुवांनी चाळण खाली ठेवली. पाच दिवसांत पहिल्यांदाच ठेवली.

"काही सांगू नका," ते म्हणाले. "उशीर झाला म्हणून माफी मागा."